खाष्टीची पिल्लं

तिसरं पांढरं पिल्लू मेलं, तशी ससेवाली पुन्हा पिंजऱ्यांकडे धावली. घरात थांबून तरी काय करणार? स्वयंपाकघरात तिला जन्म देणारी बाई बसली होती. तान्ही लेक बहिणीच्या पदरात टाकून गेलेली, आणि आज इतक्या वर्षांनी "एकदा बघून जाते" म्हणत आलेली. "बसा," एवढंच ससेवाली तिला म्हणाली होती. आई हा शब्द तिनं केव्हाच मावशीला देऊन टाकला होता.

गेल्या साथीत सगळे पिंजरे रिकामे झाले होते. वाचली ती एकटी खाष्टी. ही तांबडी मादी हात लावला की चावायची, पण रोगाला पुरून उरली. म्हणून ती आणि नवी आणलेली पांढरी मादी एकदमच व्याल्या, तेव्हा ससेवालीनं डोकं चालवलं. महागामोलाची पांढरी पिल्लं खाष्टीच्या दुधाला लावली आणि खाष्टीची तांबडी पांढरीकडे सरकवली. दुधातून ताकद उतरेल, असा तिचा हिशेब.

आता साथ परतली होती. पांढरी मादी आधीच गेली होती. तिची पिल्लं एकेक करून माना टाकत होती. तांबडी मात्र गवतावर ताव मारत होती.

"गणित उलटं बसलं तुमचं," पिल्लं तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सशांत हे बळ मुख्यतः पोटात असतानाच मिळतं, आईच्या रक्तातून. दुधातून फारसं नाही."

"पण या तांबड्यांनी खाष्टीचं थेंबभर दूध नाही हो प्यायलं!"

"नसेल. जन्माला येतानाच शिदोरी घेऊन आलीत. ती जन्मभर नाही पुरायची, पुढे लस देऊ."

ससेवालीनं हात धुतले. पुसले. परत धुतले. कशातच जीव लागेना. मागं वळून पाहिलं तर ती बाई पिशवी घेऊन दारात उभी.

"येते गं. तुझ्या कामाच्या घाईत आले."

ससेवालीनं पिंजऱ्यातलं एक तांबडं पिल्लू उचललं आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"कुणाचं गं हे?"

"दुसरीनं वाढवलंय," ससेवाली म्हणाली. "पण जन्म देणारीनं रिकाम्या हातानं नाही धाडलं त्याला. थांब ना, आई."