एकशे अठ्ठावीस

मोठ्या रोलर कोस्टरवर बसायला एकशे वीस सेंटिमीटर उंची लागते, असं सहलीच्या सूचनेत लिहिलं होतं. पाचवीतल्या सृष्टीने घरी जाऊन प्रगतिपुस्तक उघडलं. पहिलं सत्र, उंची : १२८. अगदी पुढच्या डब्यात बसायचं, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

लोणावळ्याजवळच्या त्या पार्कमध्ये रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. तिथल्या दादाने सृष्टीला पट्टीला टेकवून उभं केलं.

"टाचा खाली ठेव, बाळा." मग त्याने मान हलवली. "एकशे सोळा. तू तिकडं लहान मुलांच्या पाळण्यात बस."

"न्हाई दादा, माजी एकशे अठ्ठावीस हाय. पुस्तकात लिवलंय."

"सकाळी पाण्यात आटलीस का काय गं?" वर्गातला सत्यम मागून ओरडला. अख्खी रांग हसली. पुण्याहून आई-बाबांबरोबर आलेला तिसरीतला एक मुलगा तिच्या बाजूने आत गेला.

सृष्टीने वळून वर्गशिक्षिका शेलार बाईंकडे पाहिलं. "बाई, सांगा की यांना. तुमीच लिवलंय ना?"

"वाकून उभी राहिली असशील," असं म्हणून बाईंनी पुढच्या मुलाला हाक मारली.



सोमवारी दुसऱ्या सत्राचा रकाना भरताना, खुर्चीवरून न उठता, बाईंनी सगळ्या वर्गाच्या उंचीत दोन-दोन सेंटिमीटर मिळवले. सृष्टी एकशे तीस झाली.