वरचा स्तूप

"जोगजकार्ता शहर संपलं, आई. इथून बोरोबुदूर," प्रफुल्ल म्हणाला आणि त्यानं प्रोजेक्टरचं बटण दाबलं.

अमेरिकेतल्या हर्नडनच्या अपार्टमेंटमध्ये भर दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. भिंतीवर जावा बेट उजळलं होतं. राजवाड्यातले वादक, चामड्याच्या बाहुल्या, मेणानं कापडावर नक्षी काढणाऱ्या बाया, सगळं तरंगत येऊन गेलं. आई पदर डोक्यावर घेऊन सोफ्यावर बसली होती. बोरोबुदूरचा तो डोंगराएवढा बौद्ध स्तूप स्वतः चढायची तिची केवढी हौस, पण गुडघ्यांनी दगा दिला. ऑफिसच्या कामानं प्रफुल्ल तिकडे निघाला, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या वाट्याचं तूच बघून ये. सगळ्यात वरचा स्तूप तेवढा मला दाखव."

आणि लेकानं नेमकी तिथंच माती खाल्ली. अर्धा रोल त्या बाहुल्यांवर उडवला, आणि शेवटच्या पायरीवर पोचला तर कॅमेऱ्यात फिल्म नाही. खाली जाऊन नवी आणावी तर विमान चुकलं असतं. उद्या आई नागपूरला परत निघणार होती, आणि हे त्यानं तिला अजून सांगितलं नव्हतं.

दगडात कोरलेलं जहाज आलं. हत्ती आले. झाडाखाली शांत बसलेले बुद्ध आले.

"सावकाश रे," आई म्हणाली. "चढताना दम लागतो."

ती चढत होती आणि प्रफुल्लचा जीव खाली खाली जात होता.

खट्ट झालं. भिंतीवर नुसता पांढरा उजेड राहिला.

"बाबा, इज दॅट द टॉप?" छोट्या दीक्षानं विचारलं.

"नाही." तो आईकडे वळला. "आई, वरचा फोटोच नाहीये गं. रोल संपला. माझंच चुकलं."

 आई सोफ्याचा हात धरून उठली, त्या उजेडात गेली आणि ज्या गुडघ्यांनी तिला अडवलं होतं ते दुमडून भिंतीसमोर खाली बसली. हात जोडून तिनं ते पदरासकट डोक्यावर नेले. भिंतीवर तिची सावली पडली. खाली रुंद, मध्ये गोल, वर निमुळती.

प्रफुल्लची बायको संघमित्रा लाइट लावायला उठली. त्यानं तिचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "अजून एक स्लाइड आहे."