पाय नसलेली चित्रं

“ही चित्रं तुमची नाहीत,” असं म्हणत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मृदुलाची फाइल मिटली. “हीच चित्रं मागे एका एजन्सीनं आमच्या कार्टून स्टुडिओकडे पाठवली होती.”

चित्रकारांना कामं मिळवून देणाऱ्या त्या एजन्सीच्या साळवींनी मृदुलाला बजावलं होतं, “परस्पर कुठे अर्ज केलात, तर आपला संबंध संपला.” त्यांच्या फोनची वाट पाहून थकली, तेव्हा ती आज स्वतःच इथे आली होती. आता एजन्सी तर गेलीच, वर चोरीचा आळ.

“माझीच आहेत, मॅडम. एजन्सीला मीच दिली होती.”

“मग यांचे पाय कुठायत?” बाईंनी कपाटातले जुने प्रिंट तिच्यापुढे टाकले. शेळी गुडघ्यापर्यंत, कोळीण पोटरीपर्यंत. “पाय काढता येत नाहीत, ते असेच लपवतात. म्हणून तर आम्ही नाकारलं.”

मृदुलानं फाइलमधली आपली मूळ चित्रं शेजारी मांडली. शेळीच्या खुरांमधून वळणं घेत तिचं नाव आणि फोन नंबर गेला होता. प्रत्येक चित्रात तिची तीच सवय. स्टुडिओनं तिला थेट फोन करू नये म्हणून साळवींनी नाव असलेली खालची पट्टी कापली होती, आणि पट्टीबरोबर पायही.

बाईंनी खुरांमधला नंबर बोट फिरवत वाचला. मग म्हणाल्या, “सोमवारपासून या. पण अहो, यापुढे नाव वर लिहीत जा.”

“नको, मॅडम,” मृदुला चित्रं गोळा करत म्हणाली. “मग एजन्सीवाले मुंडकी उडवतील.”