खड्ड्याचा बंदोबस्त

"अगं, मागच्या गल्लीतल्या खड्ड्याभोवतीची बॅरिकेड्स टेम्पोत भरतायत!" सकाळी सासूबाई गॅलरीतून ओरडल्या. पायात चपला सरकवत सून म्हणाली, "काम संपलं असेल, आई. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

दुपारी ऑफिसातून परतताना तिला चौकात तीच बॅरिकेड्स मांडवापुढे ओळीने उभी दिसली. वर फलक होता, 'रस्ता सुरक्षा सप्ताह'.

"आणि खड्डा?" तिने बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याला विचारलं.

"तो आहे तिथेच आहे, मॅडम. इथली गर्दी नको का आवरायला? साहेबांचं भाषण होईपर्यंत सांभाळून घ्या."

"अहो, माझ्या लेकीची शाळेची बस तिथेच थांबते! पोरांनी काय खड्ड्यात पडून भाषण ऐकायचं?"

त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. ती मागच्या गल्लीकडे धावत सुटली.



खड्ड्यापुढे कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा उभा होता, त्याला सुनेचीच लाल ओढणी बांधलेली, आणि सासूबाई एका स्कूटरवाल्यावर खेकसत होत्या, "मागे हो मेल्या, पोरांची बस यायचीय!"

तुमच्याकडेही आज कुणी साहेब येणार असतील, तर घरातली म्हातारी घरातच आहे की खड्ड्यावर पहाऱ्याला गेलीय, तेवढं बघून या.