भरली किटली

गावोगावच्या डेअरीत दुधाची फॅट मोजणाऱ्या मशीनचं नवं सॉफ्टवेअर शंभूराज आठवडाभर वरकुट्यातल्या घरी बसून तपासत होता. लॅपटॉपच्या पोटात आभासी कॉम्प्युटर उभे करायचे, कुणाचा कर्नल, म्हणजे आतला मूळ प्रोग्रॅम, नवा, कुणाचा जुना, आणि प्रत्येकावर तीच चाचणी चालवायची. बाकीचे पास व्हायचे. सगळ्यात जुना तेवढा दर खेपेला मान टाकायचा. “जुनं आता वापरतंय कोण? सोड ते,” बारामतीहून साहेब फोनवर करवादले. शंभूराजचे डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. ‘सगळं पास’ असं कळवून तो आडवा झाला. सकाळी डेअरीला गेलेली आई भरली किटली तशीच घेऊन परतली. “फॅटच लागंना. रातोरात कुणीतरी आपल्या जुन्या मशीनमधी कायतरी घातलंय म्हणं.” किटली उंबऱ्यावर टेकवून ती मटकन बसली. “ज्यानं घातलंय, त्याच्या दारात म्हस नसणार बघ.”