खुंटीवरचा झगा

चार वर्षांतला पाचवा धर्मगुरू सकाळीच रुजू झाला. लोकांची दुःखं ऐकून ऐकून आधीचे चौघे खचून न सांगता निघून गेले होते. प्रार्थनागृह झाडणाऱ्या मावशींनी त्याला खुंटीवरचा झगा चढवला. "उंच असो, बुटका असो, सगळ्यांना बसतो." खिशात ओलाचिंब रुमाल होता. "आधीचे गुरुजी जाऊन महिना झाला ना?" त्याने विचारलं. "झाला की. पण रुमाल मेला वाळतच नाही," मावशी केर भरत म्हणाल्या. तेवढ्यात एक म्हातारी येऊन बसली आणि कालचंच पुढे चालवावं तसं बोलू लागली, "तर त्या दिवशीही लेक आला नाही, गुरुजी." "आजी, मी नवा आहे," तो म्हणाला. म्हातारी हसली. तिने त्याच्या खिशातला रुमाल सवयीने काढून त्याचे डोळे पुसले. आपण रडतोय हे त्याला तेव्हा कळलं. "दरवर्षी पहिल्या दिवशी तुम्ही असंच म्हणता."