पानातलं बोट

राखी मैत्रिणींना भुताच्या खेळाचं पुस्तक वाचून दाखवत होती. दार उघडायचं तर पान चाळीस, पळायचं तर पान साठ, आपलं आपणच निवडायचं. मेलो तर परत येता यावं म्हणून ती आधीच्या पानात बोट घालून ठेवायची.

"बोट काढ पोरी," तिची आई सुखीबाई फटकारायची. "निवडलं का निवडलं. मरायचं भेव हाय तं खेळता कायले?"

वणीचं स्थळ सुखीबाईनंच निवडलं. लग्नानंतर राखी फोनवर नुसतं "बरी आहो" म्हणाली, अन् तेव्हापासून सुखीबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

राखीच्या भावानं आईला विचारलं, "याडी, राखीची खाट काढून टाकू का? जागा होईन."



"राहू दे. माह्यं बोट हाय त्या पानात."